दवाखान्यासमोरची खोली

सभांमधून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: पेशींच्या अभ्यासाकडे तुम्ही कशा वळलात? माझं उत्तर ठरलेलं आहे. लहानपणी कांद्याचा पातळ पापुद्रा उन्हात धरून पाहायची, कुतूहल वाटायचं, वगैरे. लोक माना डोलावतात. ते उत्तर खोटं आहे. कांद्याचा पापुद्रा मी कधी उन्हात धरला नाही. कांदे निंदून निंदून माझी कंबर जायची आणि कांद्याचा मला रागच होता. खरी गोष्ट अशी की धाडमधल्या एका डॉक्टरवर मला सूड उगवायचा होता, आणि त्यासाठी मला सूक्ष्मदर्शक सापडला. दुसरं काही सापडलं असतं तर मी ते घेतलं असतं.

आमचा मळा धाडपासून चालत जाण्याइतका जवळ, औरंगाबादकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला होता. आम्ही माळी. वांगी, मेथी, गवार, हिवाळ्यात वाटाणा. पिकवायचं काम बाबांचं आणि विकायचं मायचं. बाजाराच्या दिवशी ती डॉक्टरच्या दवाखान्यासमोर, लिंबाच्या सावलीला गोणपाट टाकून बसायची. ती जागा तिनं पहिल्यांदा कधी धरली कोणालाच आठवत नव्हतं, पण ती तिचीच होती. डॉक्टरच्या घरात भाजी तिच्याकडूनच जायची, आणि ताजी जुडी ती मुद्दाम त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायची.

डॉक्टर बाहेरगावचा. आसपासच्या खेड्यांत तेवढा एकच, त्यामुळे लोक त्याला देवासारखं मानत. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं हसतमुख. त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर सुई होती.

मी तेव्हा खामगावला मावशीकडे राहून कॉलेजात शास्त्र शिकत होते. महाराष्ट्र नवा नवाच होता. मळ्यातली पोरगी कॉलेजात जाते याचं गावाला हसूही यायचं आणि थोडं कौतुकही होतं. सुटीत घरी आले की माय मला कामाला हात लावू देत नसे. त्या वर्षी दिवाळीत मात्र ती स्वतःच बसून होती. पाळी जाऊन बराच काळ झाला होता आणि आता पुन्हा अंगावरून जायला लागलं होतं. हे तिनं मला सांगितलं नाही. धुणं धुताना मला दिसलं.

"डॉक्टरले दाखवलं का?"

"दाखवलं ना. सुया देऊन राह्यले ते. ताकदीच्या."

"तपासलं का त्यांनी?"

"नाडी पाह्यली."

वर्षभर त्यानं नाडीच पाहिली. एकदाही बुलढाण्याला जा म्हणाला नाही, एखाद्या सुईणीला आत पाठवलं नाही, काय होतं, कधी होतं हे धड विचारलंसुद्धा नाही. बाबांनी एकदा जोर धरला तेव्हा तो हसून म्हणाला होता, "बायकोले आराम पाहिजे, दुसरं काही नाही. या वयात बायकांना असले नखरे सुचतात." बाबा साधा माणूस. डॉक्टर म्हणतो म्हणजे खरं, असं समजून घरी आले आणि मायला बोलले.

उन्हाळ्याच्या सुटीत मी आणि बाबा तिच्यासोबत दवाखान्यात गेलो. तोवर ती वाळून निम्मी झाली होती आणि तिच्या अंगाला एक वास यायला लागला होता. ज्यानं तो वास घेतला आहे त्याला सांगावं लागत नाही, आणि ज्यानं घेतला नाही त्याला सांगून उपयोग नाही. बाहेरच्या खोलीत बाक होता. माय टोकाला बसली. शेजारची बाई सरकली, मग उठलीच. तेवढ्यात डॉक्टर दारात आला. नाकाला रुमाल लावला.

"तुम्ही बाहेर बसा," तो मायला म्हणाला. "ओट्याच्या खाली. बाकीच्या पेशंटला त्रास होऊन राहिला." मग बाबांकडे वळून, "आंघोळ-पाणी करते का नाही ही?"

दोघं-तिघं हसले.

माय उठली. जिथं ती बसली होती ती जागा तिनं स्वतःच्या पदरानं पुसली आणि बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली. बाजारात बसायची ती ज्या लिंबाखाली, तिथवर जायचंही तिला सुचलं नाही.

मी डॉक्टरला अडवलं. "तिला झालं काय आहे ते तरी सांगा."

"वय झालं की होतं असं. तू कॉलेजात जाते ना? पाहा मग तुझ्या पुस्तकात."

मी पाहिलं. माझ्या पुस्तकात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मायला घेऊन मी औरंगाबादची एस.टी. पकडली.

तिथल्या मोठ्या रुग्णालयात एका बाई डॉक्टरांनी तिला आत नेलं. पडद्याआडून त्या बाहेर आल्या तेव्हा माझ्याकडे न पाहता हात धूत राहिल्या, फार वेळ. एका काचपट्टीवर त्यांनी काहीतरी पुसून घेतलं होतं. ती काचपट्टी खालच्या मजल्यावर एका वयस्कर प्राध्यापकांकडे गेली. मी शास्त्राची विद्यार्थिनी आहे कळल्यावर ते म्हणाले, "पाहायचंय?"

मी नळीला डोळा लावला. कॉलेजात मी फक्त बेडकाच्या पेशी पाहिल्या होत्या. इथं आधी त्यांनी मला एका निरोगी बाईची काचपट्टी दाखवली. पसरट, पातळ, लाटलेल्या पोळीसारख्या पेशी, मध्ये मुगाच्या दाण्याएवढं केंद्रक. मग मायची. तिथं केंद्रकं फुगून पेशीभर झाली होती, काळीभोर, वेड्यावाकड्या कडांची, एकमेकांवर चढलेली. कुणी न सांगताही मला कळलं की हे बरोबर नाही.

"हे असं व्हायला वर्षं लागतात," प्राध्यापक म्हणाले. "आधी साधं खरवडून पाहिलं असतं तरी कळलं असतं. तेव्हा बरं करता आलं असतं. कोणी पाहिलं नाही का हिला?"

परतीच्या गाडीत माय खिडकीशी बसली होती. तिनं विचारलं, "काय दिसलं व तुले त्या दुर्बिणीत?"

"काही नाही माय. रंग होते."

"कोणते?"

"निळे. मधून मधून नारंगी."

"मंग चांगलं हाये," ती म्हणाली, आणि डोळे मिटून बसली.

पाऊसकाळ संपायच्या आत ती गेली. तिच्या दिवसांच्या जेवणाला कोणीतरी सांगितलं की डॉक्टर बाजारात म्हणत होता, बाईनं औषध नीट घेतलं नाही. मी पंगतीत वाढत होते. हातातलं वरणाचं भांडं मी खाली ठेवलं नाही, सांडलं नाही, रडलेही नाही. फक्त ठरवलं. काय करायचं ते ठाऊक नव्हतं. कोणाचं करायचं ते ठाऊक होतं.

पुढच्या वर्षांचं मी फार सांगत नाही, ती माझ्या कामाच्या कागदांत आहेतच. नागपूरला एम.एस्सी. केलं. मुंबईत एका रुग्णालयात पेशी ओळखायला शिकले; दिवसभर काचपट्ट्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझ्याबरोबरच्या मुली हुशार होत्या, पण त्या थकल्या की उठायच्या. मी उठत नसे. प्रत्येक काचपट्टी त्या माणसाच्या पुढ्यात ठेवायची आहे असं समजून मी पाहायचे. लोक ज्याला चिकाटी म्हणतात ती माझ्यात नव्हती. माझा त्या माणसावर दात होता.

औरंगाबादला त्याच प्राध्यापकांच्या हाताखाली मला जागा मिळाली. बिघडलेली पेशी एका रात्रीत बिघडत नाही, ती पायरी पायरीनं बिघडते, आणि अगदी पहिल्या पायऱ्यांवर बाईला काहीच दुखत नसतं. मला त्या पहिल्या पायऱ्यांवरच काम करायचं होतं. त्यासाठी आजारी नसलेल्या, खेड्यातल्या, शेतात राबणाऱ्या बायकांच्या काचपट्ट्या हव्या होत्या. आमच्या भागात हे कोणी केलं नव्हतं. रुग्णालयातले तरुण डॉक्टर मला 'खरवडबाई' म्हणायचे. "रोग नसलेली बाई तुमच्याकडे येईल कशाला?" असं विचारायचे. प्राध्यापक एवढंच म्हणाले, "कुठल्या गावापासून सुरुवात करणार?"

"धाड," मी म्हणाले.

धाडच्या सरपंचांनी शाळेची खोली देऊ केली. हवेशीर, भरपूर उजेड, बायकांना आडोसा. मी ती नाकारली. दवाखान्याच्या बरोबर समोर पिठाच्या गिरणीची एक बंद खोली होती, पिठाच्या धुळीनं पांढरी झालेली, उंदरांनी पोखरलेली. मी ती घेतली. माझ्याबरोबर रुग्णालयातल्या एक सिस्टर येत, नमुना घ्यायचं काम त्यांचं. त्या खूप चिडल्या.

"बाई, इथं धड दिसतसुद्धा नाही. शाळा सोडून इथं कशाला?"

"इथून दवाखाना दिसतो," मी सांगितलं. त्यांना काही कळलं नाही. मी बाहेर पाटी लावली: 'बायकांची तपासणी. सर्वांनी बाकावर बसावे.' बुलढाण्याहून दोन लांब बाक आणून मी ते ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून टाकले.

पहिल्या बाजाराला त्या बाकांवर कुत्रं झोपलं होतं. दुसऱ्या बाजाराला डॉक्टरनं उठवलेली अफवा आमच्याआधी येऊन बसली होती: समोरच्या खोलीत बायकांची नस कापतात, पुन्हा पोर होत नाही. त्या काळात कुटुंबनियोजनाची धास्ती होतीच, लोकांनी लगेच खरं मानलं. तो स्वतः दवाखान्याच्या दारात उभा राहून माझ्याकडे पाहून हसायचा. कोण मी, हे त्याला ठाऊक नव्हतं. औरंगाबादहून आलेली सरकारी बाई, एवढंच.

मग मी बाजारात उतरले. मायच्या जागेच्या आजूबाजूला भाजीवाल्या तशाच बसत होत्या. मी त्यांच्यात गोणपाटावर जाऊन बसले आणि माझी माय कशानं मेली ते सांगितलं. सगळं. कसला वास, कुठून, किती दिवस. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मावशी, ज्या मायच्या शेजारी वांगी विकत, ऐकत राहिल्या. मग तराजू बाजूला सारून उठल्या.

"चाल व. पयले माह्यं पाहा. मले आता कायचं पोर होते?"

बाजार हसला. त्यांच्यामागे चार बायका आल्या. पुढच्या खेपेला बाक भरले.

काम सोपं होतं. आडोशाला सिस्टर एका चपट्या लाकडी काडीनं नमुना घेत, मी तो काचेवर पसरून लगेच स्पिरिटच्या बरणीत बुडवत असे. बरण्या घेऊन एस.टी.नं परत, मग रंगवणं, मग पाहणं. पुढच्या बाजाराला मी एकेकीला सांगायची. बहुतेकींना काही नसायचं. ज्यांना होतं त्यांच्यातल्या निम्म्या मला घाबरून पळाल्या, आणि मी त्यांच्या शेतांपर्यंत त्यांच्या मागे गेले.

मी त्या कामात दिवसेंदिवस चांगली होत होते. पण खरं सांगायचं तर समोरच्या दवाखान्याची गर्दी पाहत असे. बायका समोर जायच्या कमी झाल्या की माझा दिवस बरा जायचा. "डॉक्टरनं तुम्हाला कधी तपासलं होतं का?" हा प्रश्न मी प्रत्येकीला मोठ्यानं विचारत असे, रस्त्यावर ऐकू जाईल इतका. "नाही," असं उत्तर आलं की म्हणायची, "मग सुई कशाची दिली?" बायका एकमेकींकडे पाहायच्या. माझं तेवढ्यानं भागत नव्हतं, पण चालू होतं.

अशातच एका बाजाराला भर दुपारी मागच्या दारानं एक बाई आल्या. हातात भाजीची पिशवी, डोक्यावरून घट्ट पदर. सिस्टर म्हणाल्या, पुढून या. त्या म्हणाल्या, "मले पुढून येता येत नाही." बोलणं पिंपळगाव राजाकडचं, खामगावच्या बाजूचं. मी वळून पाहिलं. डॉक्टरची बायको होती.

गाव तिला डॉक्टरीणबाई म्हणायचं. मायनं बाजूला काढलेली जुडी वर्षानुवर्षं तिच्याच हातात जायची. मोठ्या शेतकऱ्याघरची, पन्नाशीला आलेली. खाली मान घालून तिनं सांगितलं, अधूनमधून डाग दिसतात.

"घरातच डॉक्टर आहेत," मी म्हणाले. "त्यांना सांगितलं नाही?"

"सांगतलं ना. म्हणते, वय झालं की होते असं."

तेच शब्द. स्वतःच्या बायकोलासुद्धा त्यानं तेच दिले होते.

औरंगाबादला तिची काचपट्टी मी स्वतः रंगवली. पाहिली. फुगायला लागलेली केंद्रकं, काळसर झालेली, पण अजून थोडीच. पहिल्या पायऱ्यांपैकी एक. मला आनंद झाला. लाजत नाही सांगायला. मी खुर्चीत मागे टेकले आणि मला वाटलं, आता त्याच्या घरात तो वास येईल, आता तो नाकाला रुमाल लावेल, आता कळेल. बराच वेळ मी त्यातच बसले होते. मग पुन्हा डोळा लावला. त्या पेशींत डॉक्टर कुठंच नव्हता. एक बाई होती, आणि ती अजून वाचू शकत होती. पण तो सुटला असं मात्र मी होऊ देणार नव्हते.

पुढचा बाजार यायची वाट न पाहता मी दुसऱ्याच दिवशी निघाले. सूक्ष्मदर्शक लाकडी पेटीत घालून मांडीवर घेतला. धाडला उतरून मागच्या दारानं डॉक्टरच्या घरात गेले, आणि आधी तिला सांगितलं. काय आहे, काय करावं लागेल, लवकर केलं तर बरी होशील. ती चुलीपाशी बसली होती. तिनं रडणं वगैरे केलं नाही. चुलीतलं लाकूड मागं ओढून म्हणाली:

"आमच्या यायले तू ते काच दाखव. कोणाचं हाये ते सांगू नोको. काय म्हणते ते मले आयकाचं हाये."

मग मी घराला वळसा घालून पुढून दवाखान्यात गेले. मायनंतर पहिल्यांदाच. बाक तोच होता. लोक बसलेले होते. मी सरळ आत जाऊन पेटी त्याच्या टेबलावर ठेवली, खिडकीच्या उजेडाला आरसा वळवला, काचपट्टी लावली.

"हे काय?" तो म्हणाला.

"तुमचं मत पाहिजे, डॉक्टरसाहेब. एक पेशंट आहे. पन्नाशीची बाई. डाग दिसतात."

बाहेरचे लोक दारातून डोकावत होते. त्याला नाही म्हणता येईना. तो वाकला, डोळा लावला, स्क्रू उगाच फिरवला. त्याला काही दिसत नव्हतं, म्हणजे दिसत होतं, पण ते काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या मानेवर घाम आला.

"यात काही विशेष नाही," तो सरळ होत म्हणाला. "वय झालं की होतं असं. सूज असते. ताकदीच्या सुया दिल्या की बसेल."

"नक्की?"

"तुमच्यापेक्षा जास्त पेशंट पाहिले आहेत मी."

मी दाराजवळ जाऊन लोकांना बाहेर सरकायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. त्याच्यापुढे उभी राहिले.

"हे तुमच्या बायकोचं आहे. हा कॅन्सर होण्याच्या वाटेवर आहे."

इतकी वर्षं मी त्या चेहऱ्याची वाट पाहत होते. तो तसाच झाला, मला हवा होता तसा. खुर्चीत बसला. टेबलाची कड धरली. मी पाहून घेतलं, घाई केली नाही.

मग तो बोलला. "कोणाला सांगू नका. गावात माझी काय किंमत राहील?"

आतल्या दाराचा पडदा बाजूला झाला. ती तिथंच उभी होती. तिनं पायात चपला घातल्या होत्या, हातात पिशवी होती, त्यात लुगडी कोंबलेली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"पयले हेच निंगालं तुमच्या तोंडातून," ती म्हणाली. "चाल बाई. कोठी जायचं तिथं जाऊ."

आम्ही पुढच्या दारानं बाहेर पडलो. बाकावरच्या लोकांमधून.

औरंगाबादला तिचं ऑपरेशन झालं. गर्भाशय काढलं, आणि काढलेल्या भागाच्या कडा मी स्वतः तपासल्या. कडा स्वच्छ होत्या, बिघडलेली पेशी एकही नव्हती. डॉक्टर दोनदा आला. दोन्ही वेळा तिनं तोंड भिंतीकडे केलं. रुग्णालयातून सुटल्यावर ती माझ्याच खोलीवर राहिली. तिथं एक दिवस बाबा आले, वांग्यांची पिशवी घेऊन. खाटेवर तिला पाहिलं आणि दारातच थांबले. मला बाहेर बोलावलं.

"त्याची बायको वाचवली तू?"

"हो."

"कायले?"

मी त्यांना सांगायला लागले, पेशी, पायऱ्या, लवकर कळलं म्हणून. त्यांनी हात वर केला.

"मले ते समजते. हे जगली ते बरं झालं, मी काही तिचं वाईट चिंतत नाही. पण तुही माय काऊन नाही? मले तेवढं सांग."

ते जेवले नाहीत, पाणीसुद्धा प्याले नाहीत. पिशवी दारात ठेवून परतले. पुढे ते माझ्याशी नेहमीसारखं बोलत, पण तिच्याशी मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही.

ती बरी होऊन धाडला परतली. आणि त्यानंतरच्या बाजाराला जे झालं ते मी ठरवूनही घडवू शकले नसते. सकाळी आम्ही बरण्या घेऊन खोली उघडली, तर ती समोरच्या घरातून निघून रस्ता ओलांडून आली आणि आमच्या ओट्यावरच्या बाकावर बसली. रस्त्याकडे तोंड करून, नवऱ्याच्या दवाखान्यासमोर.

"ये व," ती जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांना हाका मारायला लागली. "भेऊ नोको. काही दुखत नाही. माह्यं करून आली मी, पाहा, हाये का नाही जित्ती?"

"डॉक्टरीणबाई, तुम्ही?"

"हाव, मी. घरच्या डॉक्टरले नाही समजलं, या पोरीले समजलं."

ते वाक्य तिनं प्रत्येक बाजाराला किती जणींना ऐकवलं असेल, मोजदाद नाही. डॉक्टर एकदा दारात येऊन म्हणाला, "घरात ये." ती म्हणाली, "घर समोरच हाये. दिसून राह्यलं मले." मी आत काचेवर नमुना पसरत होते. माझा हात हलला, कारण मी हसत होते.

सोनाळ्याकडून, पार सातपुड्याच्या पायथ्यापासून बायका यायला लागल्या. माझं काम त्यांच्या जोरावर उभं राहिलं. बिघाडाच्या पहिल्या पायऱ्यांवर मी जे लिहिलं ते नागपूर-मुंबईच्या लोकांनी आधी उडवून लावलं आणि नंतर मला बोलावून विचारलं. पुढे विभागही माझ्याकडे आला. 'खरवडबाई' म्हणणाऱ्यांतले दोघं माझ्या सहीसाठी दाराबाहेर बसलेले मी पाहिले. मी त्यांना बसू दिलं, पुष्कळ वेळ.

समोरचा दवाखाना मात्र ओस पडत गेला. बायका गेल्या, मग बायकांबरोबर त्यांची पोरं गेली, मग पुरुष. नवीन डॉक्टर आले, सरकारी केंद्र झालं. त्यानं पुण्याला भावाकडे जायचं ठरवलं. बायको जात नव्हती. जायच्या दिवशी मी एस.टी. स्टँडवर होते, औरंगाबादच्या गाडीची वाट पाहत. तो बाकावर ट्रंक घेऊन एकटाच बसला होता, बराच म्हातारा झालेला. मला पाहून त्यानं हात केला. मी गेले.

"बाई, एक विचारू का?" तो म्हणाला. "मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

"माझ्या मायचं केलं."

"कोण तुमची आई?"

मला वाटलं तो नाटक करतो आहे. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तो नाटक करत नव्हता. त्याला आठवतच नव्हतं. त्याच्या दारासमोर वर्षानुवर्षं बसलेली, त्याला ताजी मेथी देणारी बाई, बाक, ऊन, पदर, काहीच नाही. मी ज्या गोष्टीवर आयुष्य घातलं होतं ती त्याच्याकडे नव्हतीच.

मी त्याच्या शेजारी बसले आणि सांगायला सुरुवात केली. दिवाळीपासून. नाडीपासून. हळू आवाजात, काही न गाळता. मधे त्याची गाडी लागली. तो ट्रंकेकडे हात नेऊन उठायला लागला.

"बसा," मी म्हणाले.

तो बसला. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी गेली. मी सांगत राहिले, तो खाली पाहत राहिला. पंगतीतल्या वरणाच्या भांड्यापर्यंत आले तेव्हा संपलं. त्याची दुसरी गाडी यायला अजून अवकाश होता. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

तो पुण्यातच वारला. तिला तार आली, ती गेली, दिवस करून परत आली. घराच्या पुढच्या खोल्या तिनं एका शिंप्याला दिल्या होत्या, दिवसभर मशीन चालायचं. पुढच्या बाजाराला ती नेहमीसारखी ओट्यावर येऊन बसली. पांढऱ्या कपाळानं, पण पानाचा विडा तोंडात. मी बरण्या मांडता मांडता तिला विचारलं, शेवटी माफ केलं का त्यांना.

"तू केलं?"

"नाही."

"मंग मले कायले विचारतं?" ती म्हणाली, आणि रस्त्यावरून चाललेल्या एका तरण्या बाईला हाक मारायला लागली.